न्यायमंत्री दिवसभर करतो तरी काय?

पायरीवरचा

मंडळी, धाग्याचं निमित्त घरचंच आहे. भाचा दहावीत. परवा पुस्तक पुढ्यात धरून त्यानं विचारलं, "मामा, न्यायमंत्री म्हणजे सगळ्या न्यायाधीशांचा साहेब ना?" मी झटकन म्हणालो, छे, मुळीच नाही. "मग करतो काय?" आणि इथे माझी बोलती बंद झाली. रेल्वेमंत्री रेल्वे बघतो, अर्थमंत्री तिजोरी बघतो. न्यायमंत्री न्याय बघतो म्हणावं, तर तो द्यायला न्यायाधीश बसलेत. आणि त्यांच्या कामात मंत्र्यानं नाक खुपसलं की बोंब मारणारे आपणच.

शोधताना जपानचा किस्सा सापडला. नोव्हेंबर २०२२ मध्ये तिथले न्यायमंत्री यासुहिरो हानाशी एका कार्यक्रमात बोलून गेले की हे खातं तसं अगदीच बिनचमकीचं, फाशीच्या कागदावर शिक्का मारला तेवढ्या दिवशीच काय ते दुपारच्या बातम्यांत झळकायचं. दोन दिवसांत खुर्ची गेली. (जपानमध्ये न्यायमंत्र्याच्या आदेशाशिवाय फाशी होत नाही, त्यामुळे हा विनोद भलताच अंगाशी आला.) माणूस असभ्य बोलला यात वाद नाही. पण खातं बिनचमकीचं आहे हे खोटं आहे का? जाणकारांनी प्रकाश पाडावा.

कज्जेदलाल

जाणकार नाही, पण पोट याच धंद्यावर आहे. आधी तो काय करत नाही ते सांगतो, म्हणजे अर्धा गोंधळ निवळेल.

भारतात पोलीस त्याच्याकडे नाहीत. पोलीस आणि तुरुंग दोन्ही राज्यसूचीत, आणि केंद्राकडे जे आहे ते गृहखात्याकडे. दयेच्या अर्जाची फाईल गृहखात्यातून राष्ट्रपतींकडे जाते. सरकारची बाजू सर्वोच्च न्यायालयात मांडतो तो महान्यायवादी, कलम ७६ खालचं वेगळं पद, मंत्री नव्हे. सगळ्यात गंमत म्हणजे फौजदारी कायदेसुद्धा त्याचे नाहीत. भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली. तिचं विधेयक लोकसभेत मांडलं गृहमंत्र्यांनी. नावात 'न्याय' असून न्यायमंत्र्याचं नाही!

उरलं काय? विधी व न्याय मंत्रालयाचे तीन विभाग. एक सरकारला कायदेशीर सल्ला देतो, एक विधेयकांचे मसुदे करतो, तिसरा न्याय विभाग, म्हणजे न्यायाधीशांच्या नेमणुकांची कागदपत्रं, न्यायालयांच्या इमारती, ई-कोर्ट, मोफत विधी साहाय्य वगैरे. नोटरींच्या नेमणुका, प्राप्तिकर अपील न्यायाधिकरणाचं प्रशासन, निवडणूक कायदे हेही तिथेच.

फ्रान्समध्ये मात्र तुरुंग १९११ सालीच गृहखात्याकडून न्यायखात्याकडे आले. पकडणाऱ्याच्याच हातात किल्ली नको, असा विचार. मला तो पटतो.

शंकासुर

म्हणजे थोडक्यात हेडक्लार्क. लाल दिव्याचा. पुढे?

मसुदाकार

शंकासुर, हेडक्लार्कला हसू नका, मी त्याच जातीचा आहे. आयुष्य मसुदे तपासण्यात गेलं, आता निवृत्त.

कायद्याचा मसुदा आपोआप तयार होत नाही. एखाद्या खात्याला कायदा हवा असतो तेव्हा ते आपल्याला काय हवं ते लिहून पाठवतं. बऱ्याचदा ते भाषणासारखं असतं. त्याचं कलमांत रूपांतर करायचं, ते घटनेत बसतं का पाहायचं, जुन्या कायद्याला कुठे धडकतं ते शोधायचं, हे न्यायखात्याचं काम. जर्मनीत तर कुठल्याही मंत्रालयाचं विधेयक असो, मंत्रिमंडळापुढे जाण्याआधी ते न्यायमंत्रालयाच्या तपासणीतून जावंच लागतं.

एक नमुना देतो. आमच्याकडे एकदा मसुदा आला, त्यात वाक्य होतं: "परवाना रद्द करण्यापूर्वी प्राधिकारी परवानाधारकास आपले म्हणणे मांडण्याची संधी देऊ शकेल." आता वाचून पाहा, काही खटकतं का? देऊ शकेल. म्हणजे वाटलं तर देईल, नाही वाटलं तर नाही. आम्ही पेन्सिलीनं 'ऊ शकेल' खोडून 'ईल' केलं. संधी देईल. झालं, फाईल परत आली. टिपणी अशी की एवढ्या लोकांना ऐकत बसलो तर काम कधी करायचं. फाईल गेली, आली, गेली. शेवटी तोडगा निघाला: संधी देईल, मात्र तातडी असल्यास कारणे लेखी नमूद करून आधी रद्द करील आणि ठरावीक दिवसांत ऐकून घेईल. दोन अक्षरांचा फरक. त्या परवान्यावर ज्याचं पोट आहे त्याला विचारा दोन अक्षरं म्हणजे किती.

अशा वादात शेवटी दुसऱ्या मंत्र्याला फोन करून "हे असं चालणार नाही" म्हणणारा कुणीतरी लागतो. तो म्हणजे न्यायमंत्री. तो फोन करणारा मंत्री आणि न करणारा मंत्री, दोन्ही पाहिलेत.

पायरीवरचा

मसुदाकार, दंडवत! 'शकेल' आणि 'ईल' आता डोक्यातून जायचं नाही.

शंकासुर

काका, किस्सा झकास. पण मला मूळ दुखण्यावर बोलायचंय. न्यायाधीश कोण नेमतो? तिथे मंत्र्याचा हात आहे का नाही? कारण हात असला तर 'साहेब' म्हणणारा भाचा फार चुकलेला नाही.

कज्जेदलाल

हात आहे, पण बोटं बांधलेली.

१९९३ च्या निकालानंतर आपल्याकडे न्यायवृंद, म्हणजे ज्येष्ठ न्यायमूर्तीच नावं सुचवतात. फाईल न्यायखात्यातून पंतप्रधानांकडे आणि तिथून राष्ट्रपतींकडे जाते. सरकार एकदा नाव परत पाठवू शकतं. न्यायवृंदानं तेच नाव पुन्हा पाठवलं तर ते बंधनकारक. मात्र किती दिवसांत सही करायची, याला पक्की मुदत नाही. मंत्र्याची खरी ताकद इथे आहे: नकार देता येत नाही, पण फाईल टेबलावर ठेवता येते. ठेवलेल्या फाईलचा आवाज होत नाही.

हे बदलायला २०१४ मध्ये ९९ वी घटनादुरुस्ती झाली. सहाजणांचा आयोग: सरन्यायाधीश, दोन ज्येष्ठ न्यायमूर्ती, कायदामंत्री (म्हणजे आपला न्यायमंत्रीच) आणि दोन मान्यवर. कोणत्याही दोघांनी विरोध केला की नाव बाद. १६ ऑक्टोबर २०१५ ला सर्वोच्च न्यायालयानं चार विरुद्ध एक मतांनी ती रद्द केली. आक्षेपाच्या मुळाशी मंत्र्याची खुर्चीही होती. देशातला सगळ्यात मोठा पक्षकार सरकार. पक्षकारानं न्यायाधीश निवडायला बसावं का?

शंकासुर

आणि न्यायाधीशांनीच न्यायाधीश निवडावेत, हे चालतं? कुणालाही उत्तर न देता?

कज्जेदलाल

चालतं म्हणालो नाही. ब्रिटनमध्ये २००५ च्या कायद्यानं स्वतंत्र नेमणूक आयोग आला. त्यात वकील, न्यायाधीश आणि सामान्य लोकही असतात, अर्ज मागवले जातात. मंत्र्याला नाव नाकारायचं असेल तर लेखी कारण द्यावं लागतं. त्याआधी शतकानुशतकं एकटा लॉर्ड चान्सलर मंत्री, न्यायसंस्थेचा प्रमुख आणि लॉर्ड्स सभेचा अध्यक्ष, असा तिन्ही टोप्या घालून बसायचा. टोप्या काढायला एकविसावं शतक उजाडावं लागलं.

दूर्वा_

उशिरा येतेय, पण सरकारी वकिलांबद्दल कुणीच कसं बोललं नाही? नेमणुकीवर सगळे भांडतात, पण मंत्र्याच्या हातातलं जास्त धारदार हत्यार खटला भरण्याचं आहे. कुणावर भरायचा आणि, त्याहून महत्त्वाचं, कुणावर नाही.

अमेरिकेत ॲटर्नी जनरल हाच न्यायखात्याचा प्रमुख. पद १७८९ चं, खातं १८७० चं. २० ऑक्टोबर १९७३ च्या शनिवारी राष्ट्राध्यक्ष निक्सननी ॲटर्नी जनरल इलियट रिचर्डसनना सांगितलं, वॉटरगेटचा, म्हणजे खुद्द निक्सनपर्यंत पोचणाऱ्या प्रकरणाचा, विशेष अभियोक्ता (खटला भरणारा सरकारी वकील) आर्चिबाल्ड कॉक्सला काढा. रिचर्डसननी सिनेटला शब्द दिला होता की सबळ कारणाशिवाय त्याला हात लावणार नाही. त्यांनी राजीनामा दिला. त्यांचे उपप्रमुख रकल्सहाउस, त्यांनीही नकार दिला आणि तेही गेले. तिसऱ्या क्रमांकाचे रॉबर्ट बोर्क, त्यांनी कॉक्सला काढलं. एका रात्रीत एकाच खुर्चीवर तीन माणसं, आणि हुकूम एकच.

फ्रान्सनं २०१३ मध्ये कायदाच केला: न्यायमंत्री खटल्यांबाबत सर्वसाधारण धोरण सांगू शकतो, विशिष्ट खटल्यात अमुक करा असं सांगू शकत नाही. पोलंडनं उलटी वाट धरली. २०१० मध्ये वेगळी केलेली न्यायमंत्री आणि महाअभियोक्ता ही पदं २०१६ मध्ये पुन्हा एका माणसाच्या डोक्यावर ठेवली. वर २०१७ मध्ये सहा महिन्यांसाठी न्यायालयांचे अध्यक्ष बदलायचा अधिकार मंत्र्याला दिला. भाच्याला सांगा, साहेब म्हणतात तो असा.

शंकासुर

दूर्वा, मुद्दा जोरदार. पण उलट बाजू ऐका. अभियोक्ता पूर्ण मोकाट सुटला तर? त्याला जाब कोण विचारणार? मंत्र्याला निदान संसदेत उभं करता येतं.

जर्मनीचंच घ्या, २०१५. तिथल्या महाअभियोक्त्यानं, हाराल्ड रांगे त्यांचं नाव, इंटरनेटवर गुप्त कागद छापले म्हणून दोन पत्रकारांवर चक्क देशद्रोहाची चौकशी सुरू केली. देशभर ओरड झाली. रांगे जाहीरपणे म्हणाले की सरकार माझ्या तपासात ढवळाढवळ करतंय. न्यायमंत्री हायको मास यांनी त्याच दिवशी त्यांना घरी बसवायचं ठरवलं, आणि काही दिवसांत चौकशीही बंद झाली. आता सांगा, हस्तक्षेप झाला की नाही? झाला. वाईट झालं का? मला तरी नाही वाटत.

दूर्वा_

म्हणजे चांगल्या कामासाठी हात घातला तर चालतो? आज पत्रकार वाचले, उद्या तोच हात मंत्र्याच्या मित्राला वाचवेल. युरोपीय न्यायालयानं मे २०१९ मध्ये जर्मनीला हेच सांगितलं. तुमच्या अभियोक्त्यांना मंत्र्याकडून सूचना येऊ शकते, म्हणून त्यांना युरोपभर चालणारं अटक वॉरंट काढता येणार नाही. सूचना आली होती की नाही हा प्रश्नच नाही. येऊ शकते, एवढं पुरे.

मसुदाकार

पुन्हा तेच 'शकते'!

दूर्वा_

काका :)

पण शंकासुरांचं एक मान्य. जाब विचारायला कुणीतरी हवं, त्याचं पक्कं उत्तर माझ्याकडे नाही. निदान सूचना लेखी असावी आणि ती खटल्याच्या कागदांत लागावी, म्हणजे बचावाच्या वकिलालाही दिसेल. तोंडी फोन सगळ्यात घातक.

रोजची_तारीख

दोन दिवस वाचतेय. लिहू की नको करत होते.

तुम्ही सगळे वॉरंट, आयोग, घटनादुरुस्ती बोलताय. मी वडिलांच्या वाटणीच्या दाव्यात सोळा वर्षं तारखांना जातेय. वडील गेले, आता मी वारस म्हणून. मागच्या पाच तारखांचं सांगते. पहिल्या तारखेला न्यायाधीशांची बदली, नवे आलेले नाहीत. दुसऱ्या तारखेला नवे आले, पण आधीच्या न्यायालयाचं काम संपवायला तिकडे गेलेले. तिसऱ्या वेळी समोरचे वकील आजारी. चौथ्या वेळी साक्ष व्हायची होती. साक्षीदार वय वर्षे ब्याऐंशी, रिक्षातून उचलून आणले, तर लघुलेखक नाही. एकच लघुलेखक, दोन न्यायालयांत वाटून. शिपायानं रोजनाम्यात पुढची तारीख लिहून दिली. पाचव्या तारखेला ते साक्षीदार नव्हते. वारले.

यात कुठल्या मंत्र्यानं कुठे हस्तक्षेप केला? कुणीच नाही. कुणी काही केलंच नाही, हीच माझी तक्रार आहे.

पायरीवरचा

ताई, काय बोलावं सुचत नाही. लिहिलंत हे बरं केलंत.

कज्जेदलाल

ताई, वाचून मान खाली गेली. अशी लघुलेखकाविना गेलेली साक्ष मीही पाहिली आहे, फक्त मी फी घेऊन घरी आलो.

जबाबदारी कुणाची म्हणाल तर आपल्याकडे ती इतकी वाटली गेली आहे की कुणाच्याच हातात पूर्ण नाही. जिल्हा न्यायालयांवर कलम २३५ खाली नियंत्रण उच्च न्यायालयाचं. पगार आणि पदमंजुरी राज्य सरकारची. इमारतींसाठी केंद्राची योजना १९९३-९४ पासून आहे, त्यात राज्यानंही आपला वाटा घालायचा. तो घातला नाही की पैसे पडून. ई-कोर्टच्या तिसऱ्या टप्प्याला २०२३ मध्ये ७,२१० कोटी मंजूर झाले, म्हणजे पैसा अगदीच नाही असंही नाही. पण संगणक आला तरी समोर बसून साक्ष उतरवून घेणारा माणूस लागतोच, आणि ती जागा मंजूर करणारा हात वेगळा.

दूर्वा_

ताईंनी धाग्याला जमिनीवर आणलं. मीही आतापर्यंत मंत्र्यानं काय करू नये एवढंच बोलत होते.

ब्रिटनच्या लॉर्ड चान्सलरची, म्हणजे आता तिथल्या न्यायमंत्र्याची, शपथ २००५ च्या कायद्यातच लिहिलेली आहे. तिचे तीन भाग: कायद्याच्या राज्याचा मान राखीन, न्यायसंस्थेच्या स्वातंत्र्याचं रक्षण करीन, आणि न्यायालयं नीट चालायला लागणारी साधनं पुरवली जातील हे पाहीन. तिसरा भाग वाचून मला पहिल्यांदा नवलच वाटलं. शपथेत साधनसामग्री? पण ताईंचा लघुलेखक त्याच ओळीत आहे.

शपथ घेतली की पाळली जाते असं नाही, अर्थात. २०१३ मध्ये तिथल्याच लॉर्ड चान्सलरनं कामगार न्यायाधिकरणात दाद मागायला फी लावली. काही प्रकारच्या दाव्यांत सुनावणीपर्यंत मिळून १,२०० पौंड. दावे दोन-तृतीयांशांनी घटले. आकडा बघून कुणी म्हणेल वा, भांडणं कमी झाली! २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं एकमतानं ती फी बेकायदा ठरवली. न्यायालयाचं दार उघडं असणं हे फक्त आत जाणाऱ्याच्या सोयीचं नसतं. दार उघडं आहे एवढं माहीत असलं तरी बाहेरचा मालक सरळ वागतो, असा त्या निकालाचा गाभा.

दुसऱ्या भागाचंही तसंच. ब्रेक्झिटच्या खटल्यातल्या निकालानंतर, नोव्हेंबर २०१६ मध्ये, एका वर्तमानपत्रानं तीन न्यायमूर्तींचे फोटो छापून वर मथळा दिला, 'जनतेचे शत्रू'. लॉर्ड चान्सलर होत्या लिझ ट्रस. निवेदन उशिरा आणि गुळमुळीत. सरन्यायाधीशांनी पुढे संसदीय समितीसमोर स्पष्ट सांगितलं की त्यांचं चुकलं. न्यायाधीश स्वतःसाठी बोलू शकत नाही, पत्रकार परिषद घेऊ शकत नाही. त्याच्या वतीनं बोलायचं असतं मंत्र्यानं, आणि तेही आपल्याच मतदारांना न आवडणारा निकाल लागलेला असताना.

शंकासुर

हे मात्र पटलं. आणि यावरून राजीनाम्यांची आठवण झाली. या खात्याचं वैशिष्ट्य बघा, इथली मोठी माणसं बऱ्याचदा नकार देऊन मोठी झालीत. आपले पहिले कायदामंत्री डॉ. आंबेडकर, हिंदू कोड बिल अडलं तेव्हा १९५१ मध्ये मंत्रिमंडळातून बाहेर पडले. तेच कायदे पुढे १९५५-५६ मध्ये तुकड्या-तुकड्यांनी झाले. जर्मनीच्या जाबिने लॉयटहॉयसर-श्नारेनबेर्गर (नाव उच्चारताना जीभ अडखळली तर दोष माझा नाही), त्यांच्याच पक्षानं घरात छुपे मायक्रोफोन लावून ऐकायला पोलिसांना परवानगी द्यायचं ठरवलं, म्हणून १९९६ मध्ये खुर्ची सोडली. २००४ मध्ये घटना न्यायालयानं त्या कायद्याचा बराच भाग घटनाबाह्य ठरवला. २००९ मध्ये त्या पुन्हा न्यायमंत्री!

मीच पहिल्या दिवशी हेडक्लार्क म्हणालो होतो. शब्द मागे घेतो. अर्धाच.

कज्जेदलाल

नकार देऊनच नाही, करूनही. रोबेर बादांतेर वकील होते. १९७२ मध्ये त्यांच्या अशिलाला गिलोटिनवर नेताना ते हजर होते, आणि त्यानं स्वतः कुणाचा जीव घेतलेला नव्हता. १९८१ मध्ये न्यायमंत्री झाले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात फ्रान्समधली फाशी कायद्यानं संपली. लोकमत तेव्हा बहुतांशी फाशीच्या बाजूनं होतं. आता हे तुमच्या जपानी शिक्केवाल्याशेजारी ठेवा.

पायरीवरचा

भाच्याला काल बसवून सगळं सांगितलं. लघुलेखकाचं ऐकून तो गप्प झाला. मग म्हणाला, "परीक्षेत एवढं लिहायला जागा नसते, चार ओळी सांग." चार ओळी केल्यात, तपासून द्या:

"न्यायमंत्री हा न्यायाधीशांचा वरिष्ठ नसतो. तो सरकारच्या कायद्यांचे मसुदे घटनेनुसार आहेत ना हे पाहतो आणि नसल्यास सहकारी मंत्र्यांना तसे सांगतो. एखाद्या खटल्यात काय करावे हे तो सांगत नाही. न्यायालयांना लागणारी माणसे, जागा व पैसा तो उपलब्ध करून देऊ शकेल."

मसुदाकार

पहिली तीन वाक्यं ठीक. चौथ्यात 'देऊ शकेल' खोडा. 'देईल' लिहा.

रोजची_तारीख

आणि काका, कधीपर्यंत तेही लिहायला सांगा.